डॉ. सलीम अली व त्यांच्या रानातील सुट्या

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर लिहून झाला की विद्यार्थ्यांस सुटीचे वेध लागतात, आणि त्याच घटकेपासून त्यांच्या आईबापांस चिंता लागते. एप्रिल-मे महिन्यांतील हे मोकळे दिवस मुलांनी कसे घालवावे? कोणी पुढील इयत्तेची पुस्तके आणून ठेवतात, कोणी शिकवणी लावतात, तर कोणी मुलांस आजोळी धाडून निश्चिंत होतात. अलीकडे तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना उन्हाळ्यात डोंगरी किल्ल्यांवर, जंगलांत व नदीकाठी घेऊन जाणारी शिबिरेही निघतात. मुले त्यांकडे आशेने पाहतात. पालक मात्र विचारतात की, रानात हिंडून हाती काय लागणार? तेवढ्या वेळात गणिताचे दोन धडे पुढे गेले नसते काय? हा प्रश्न अयोग्य आहे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. परंतु त्याचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्राने दिलेले बरे, असे वाटल्यावरून आम्ही ह्या अंकासाठी कै. डॉ. सलीम अली यांचे चरित्र निवडले आहे.

सलीम मोइजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म मुंबई शहरी दिनांक १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. मोठ्या कुटुंबातील हे शेंडेफळ. परंतु मातापित्यांचे सुख त्यांच्या नशिबी नव्हते. मूल एक वर्षाचे असता वडील वारले आणि तीन वर्षांचे असता आईही गेली. पोरक्या झालेल्या ह्या भावंडांचा सांभाळ त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी आपल्या खेतवाडीतील घरी केला. ह्या दांपत्यास स्वतःचे मूल नव्हते. बहिणीची मुले हीच त्यांनी आपली मानिली. तय्यबजी घराणे मुंबईत नावाजलेले होते. स्वातंत्र्याच्या लढ्यात गाजलेले अब्बास तय्यबजी हे त्याच घराण्यातील होत. अमीरुद्दीन मामांस शिकारीचा मोठा शोक होता, आणि पुढील सर्व हकीकतीचे बीज त्या शोकातच आहे.

सलीमचे पहिले शिक्षण गिरगावातील झनाना बायबल अँड मेडिकल मिशनच्या मुलींच्या शाळेत, आपल्या दोन बहिणींच्या सोबतीने झाले. पुढे तो सेंट झेवियर शाळेत जाऊ लागला. अभ्यासात त्याची गती बेताचीच होती व गणिताशी तर त्याचे कधीच जमले नाही. हे आम्ही मुद्दाम नमूद करीत आहो. थोरांच्या चरित्रांत ते बालपणीच सर्व विषयांत पहिले येत असत असे वाचून पुष्कळ विद्यार्थी खट्टू होतात. येथे तसे काही नव्हते.

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे हे मोठे कुटुंब मुंबईचा उकाडा सोडून चेंबुरास जाई. आजचे चेंबूर पाहणाऱ्यास खोटे वाटेल. पण त्या वेळचे चेंबूर म्हणजे तुर्भ्याच्या टेकड्यांजवळचे, झाडाझुडपांत दडलेले एक गाव होते. रात्री कोल्हेकुई ऐकू येई, पहाटे दयाळ पक्ष्याच्या शिळेने जाग येई. मुलांनी दिवसभर झाडांखाली, माळावर, ओढ्याकाठी हिंडावे, भूक लागली म्हणजे घरी यावे, हाच तेथला नित्यक्रम. घड्याळाचा काच नाही, पुस्तकाचा धाक नाही. ह्या सुट्यांचा ठसा सलीमच्या मनावर इतका खोल उमटला की, उतारवयातही दयाळाचे गाणे कानी पडले की त्यांस चेंबूरचे ते दिवस आठवत. शाळेत शिकविलेले कित्येक धडे मनुष्य विसरतो. पण मोकळ्या रानात कानांनी व डोळ्यांनी जे टिपिले ते सहसा विसरत नाही.

त्या काळी मोठ्या घरांतील मुलांस छऱ्याची बंदूक भेट म्हणून मिळत असे. सलीमलाही ती मिळाली, आणि चिमण्या मारणे हा त्याचा खेळ झाला. आज हे वाचताना आमच्या विद्यार्थ्यांस वाईट वाटेल व वाटावेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आता वन्य पशुपक्ष्यांच्या शिकारीस बंदी आहे, आणि गलोलीने पाखरू पाडणे हेदेखील आम्ही निंद्य समजतो. परंतु चरित्र सांगावयाचे तर खरे सांगावे. ह्या मुलात इतर शिकारी मुलांहून एक गोष्ट वेगळी होती; तो जे पाही ते लिहून ठेवी. घरच्या तबेल्याच्या भिंतीतील एका भोकात चिमणीचे घरटे होते आणि नर बाहेर खुंटीवर पहारा देत बसे. सलीमने तो नर मारला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळविला व तोही त्याच जागी पहाऱ्यास बसला. तोही मारला, तर तिसरा आला. सात दिवसांत असे आठ नर एकामागून एक त्या खुंटीवरून पडले. अवघ्या दहा वर्षांच्या सुमाराच्या मुलाने केलेली ही नोंद पुढे साठ वर्षांनी शास्त्रीय वाचकांसमोर आली आणि तिच्यात काही फेरफार करावा लागला नाही. खेळ क्रूर होता खरा. पण त्यात पाहणे होते, मोजणे होते आणि लिहिणे होते. बंदूक कालांतराने मागे पडली, वही मात्र जन्मभर हाती राहिली.

१९०८ च्या सुमारास एके दिवशी ह्या बंदुकीने एक निराळीच चिमणी खाली पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. आपण नेहमी पाहतो त्या चिमणीस असा डाग नसतो. मुलाने ती मामांस दाखविली. मामा कसलेले शिकारी, परंतु त्यांसही ती ओळखता येईना. येथे क्षणभर थांबून विचार करावा. कामात असलेला एखादा गृहस्थ मुलास गप्प बसवून मोकळा झाला असता. अमीरुद्दीन मामांनी तसे केले नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी संस्थेचे मानद चिटणीस श्री. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि ती मेलेली चिमणी देऊन भाच्यास एकट्यासच कोटातील त्यांच्या कचेरीत पाठविले.

ह्या संस्थेची थोडी माहिती दिली पाहिजे. १८८३ साली आठ गृहस्थांनी मिळून ती मुंबईत स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले महाराष्ट्रीय विद्वान होते. दुसरे एक संस्थापक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे मिशनरी पित्याचे पुत्र. त्यांचा जन्म साताऱ्याचा. सरकारी नोकरीनिमित्त त्यांनी ह्या प्रांतात पुष्कळ वास्तव्य केले आणि मुंबईच्या पक्ष्यांवर विनोदी व सरस पुस्तक लिहिले. संस्थेची कचेरी अपोलो स्ट्रीटवर फिप्सन नावाच्या मद्यव्यापाऱ्यांच्या पेढीतच होती, आणि मिलार्डसाहेब त्या पेढीचेच काम पाहत.

सलीम भीतभीतच आत गेला. इंग्रज साहेबाशी समोरासमोर बोलण्याचा प्रसंग त्या काळच्या मुलास सोपा नव्हता. परंतु मिलार्डसाहेबांनी त्या पाखराकडे पाहिले आणि ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे ताबडतोब सांगितले. एवढ्यावरच ते थांबले असते तरी त्यांचे काम झाले होते. परंतु त्यांनी त्या पोरास कपाटांपाशी नेले, एकामागून एक खण उघडले आणि भारतातील नाना जातींचे शेकडो पक्षी कसे जतन करून ठेविले आहेत ते दाखविले. त्यांनी त्यास वाचावयास पुस्तके दिली, त्यांत एटकेन यांचेही पुस्तक होते. पक्ष्याचे कातडे सोडवून त्यात कापूस भरण्याची कला शिकण्याची सोय करून दिली आणि पाहिलेले व्यवस्थित टिपून ठेवण्याची शिस्त लावली. ह्या एका भेटीने सलीमच्या हिंडण्यास दिशा लागली. तोवर तो रानात नुसता भटकत होता. आता तो काहीतरी शोधण्यासाठी जाऊ लागला.

तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याला डोकेदुखीच्या विकाराने ग्रासले. सिंधच्या कोरड्या हवेने गुण येईल म्हणून घरच्यांनी त्यास तिकडे पाठविले. शिक्षणात खंड पडला. परत आल्यावर १९१३ साली तो मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा कशीबशी उत्तीर्ण झाला. पुढे सेंट झेवियर कॉलेजात नाव घातले, पण पहिल्याच वर्षी गणिताने हात टेकावयास लावले. तेव्हा त्याने कॉलेज सोडले आणि ब्रह्मदेशात टॅव्हॉय येथे भावाच्या मदतीस तो गेला. तेथे कुटुंबाच्या खाणी होत्या व लाकडाचा धंदाही होता.

वयाची विशीही न ओलांडलेला हा तरुण तेथे घनदाट अरण्याच्या दारात येऊन पडला. धंद्याच्या निमित्ताने जंगलांतून प्रवास करावा लागे, आणि त्याचे अर्धे लक्ष हिशेबात तर अर्धे झाडांच्या शेंड्यांवर असे. जंगल खात्यातील जाणत्या अधिकाऱ्यांचा स्नेह जडला. त्यांच्याकडून पुष्कळ शिकावयास मिळाले. मात्र धंदा काही भरभराटीस आला नाही. १९१७ साली सलीम अली मुंबईस परत आले, तेव्हा हाती ना पदवी होती ना पैसा.

येथे त्यांच्या आयुष्यात दुसरा मार्गदर्शक आला. व्यापारी शिक्षणासाठी ते दावर यांच्या कॉलेजात जाऊ लागले होते. सेंट झेवियर कॉलेजातील फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे वनस्पतिशास्त्राचे थोर पंडित होते. त्यांनी ह्या तरुणाचा खरा ओढा ओळखला आणि त्यास प्राणिशास्त्राचा अभ्यास करण्यास लाविले. सकाळी हिशेब व कायदा आणि नंतर प्राणिशास्त्र, असा दुहेरी अभ्यास त्यांनी केला. रानात जे पाहिले होते त्यास आता शास्त्राची चौकट मिळाली. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नंतर पुन्हा काही वर्षे ब्रह्मदेशात धंदा करून पाहिला, पण तो बसला तो बसलाच.

आता नोकरी शोधणे प्राप्त झाले. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया ह्या सरकारी संस्थेत पक्षिशास्त्रज्ञाची जागा होती. पक्ष्यांविषयी त्यांचे ज्ञान मोठे होते, परंतु विद्यापीठाची योग्य पदवी नसल्याने ती जागा त्यांस मिळाली नाही. विद्यार्थ्यांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. रानात हिंडणे हे अभ्यास टाळण्याचे निमित्त होऊ शकत नाही. सलीम अलींस कॉलेज सोडल्याची किंमत तिशीच्या उंबरठ्यावर मोजावी लागली, आणि ती त्यांनी पुन्हा विद्यार्थी होऊन फेडली. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्गविभागात ते मार्गदर्शक-व्याख्याते झाले. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीस गेले व बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्रोफेसर एर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षिशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण घेतले. ह्या जर्मन पंडितास ते अखेरपर्यंत गुरुस्थानी मानीत.

१९३० साली ते मायदेशी परतले तो म्युझियमातील त्यांची जागाच पैशाच्या अभावी रद्द झालेली. वय चौतिशीकडे झुकलेले, विद्या पूर्ण झालेली आणि नोकरी नाही! मुंबईचा खर्च झेपेना. तेव्हा पतिपत्नींनी समुद्रापलीकडील किहीम येथे, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात, बिऱ्हाड नेले. ह्या जिल्ह्यास त्या वेळी कुलाबा म्हणत. दुसरा कोणी असता तर नशिबास बोल लावीत बसला असता. पण पावसाळा तोंडावर आला होता आणि घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत बसत होती. सलीम अलींनी झाडापाशी शिडी उभी केली, तिच्यावर आडोसा बांधला आणि त्यात तासन्‌तास बसून ते पाहू लागले.

सुगरणीचा लोंबता खोपा कोकणात कोणी पाहिलेला नाही? आम्ही तिला स्त्रीचे नाव दिले आहे व तिच्या कसबाचे कौतुकही करितो. परंतु सलीम अलींनी शिडीवर बसून जे टिपिले ते निराळेच निघाले. खोपा विणतो तो नर. तो अर्धा खोपा तयार करितो. मग माद्या येऊन घराची पाहणी करितात. एखादीस ते पसंत पडले की ती तेथे राहते आणि नर उरलेले विणकाम पुरे करितो. ती अंडी उबवू लागली की हा गृहस्थ शेजारीच दुसरा खोपा विणावयास घेतो व दुसऱ्या मादीची वाट पाहतो! हजारो वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर चाललेला हा संसार कोणीच इतक्या धीराने पाहिला नव्हता. १९३१ साली संस्थेच्या नियतकालिकात हा निबंध छापून आला आणि देशोदेशींच्या पक्षिशास्त्रज्ञांत सलीम अलींचे नाव झाले. चेंबूरच्या रानात हिंडणारा मुलगा आणि किहीमच्या शिडीवर बसलेला बेकार मनुष्य ह्या दोघांत फरक एवढाच की, पहिल्यापाशी कुतूहल होते आणि दुसऱ्यापाशी कुतूहलाबरोबर शिस्तही होती.

पुढे त्यांनी नोकरीचा नाद सोडला आणि एक वेगळाच मार्ग काढिला. देशातील संस्थानांत कोणकोणते पक्षी आहेत याची मोजदाद झालेली नव्हती. सलीम अलींनी संस्थानिकांस कळविले की, मुक्कामाचा व प्रवासाचा खर्च आपण द्यावा, मी विनावेतन काम करीन. अशा रीतीने हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ इत्यादी ठिकाणी त्यांनी महिनोन्‌महिने रानात तळ ठोकून पाहणी केली. बैलगाडी, तंबू, कंदील आणि वही हाच त्यांचा संसार. इंग्लंडात शिकलेल्या तेहमिनाबाईंनी ह्या खडतर जीवनाचा कधी कंटाळा केला नाही. तळाची सर्व व्यवस्था त्या पाहत आणि पतीच्या लिखाणासही त्यांचा हातभार असे. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचा अकाली अंत झाला. ह्या आघाताने सलीम अली खचले. परंतु बहीण व मेहुणे यांनी त्यांस आपल्या घरी आधार दिला आणि ते पुन्हा कामास लागले.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील चित्रमय पुस्तक प्रसिद्ध झाले. तोवर पक्ष्यांची पुस्तके पंडितांसाठी असत. हे पुस्तक घेऊन शाळेतील मुलगाही अंगणातील पाखरू ओळखू शकला. जवाहरलाल नेहरू डेहराडूनच्या तुरुंगात असता त्यांनी आपल्या कन्येस, इंदिरा गांधींस, हेच पुस्तक भेट दिले. स्वातंत्र्यानंतर नॅचरल हिस्टरी सोसायटी पैशाच्या अडचणीत सापडली, तेव्हा सलीम अलींनी पंडितजींस लिहून साहाय्य मिळविले आणि ती संस्था जगविली. ज्या कचेरीत ते एकदा चिमणी घेऊन भीतभीत शिरले होते, त्या संस्थेचे ऋण त्यांनी असे फेडिले.

त्यांच्या साहसी वृत्तीचे एक उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांस विशेष आवडेल. त्यांस मोटारसायकलींचे अतोनात वेड होते. १९५० साली स्वीडनमधील उप्साला येथे जागतिक पक्षिशास्त्रज्ञांची परिषद भरली. वयाची त्रेपन्न वर्षे उलटलेल्या सलीम अलींनी आपली सनबीम मोटारसायकल बोटीवर चढविली आणि युरोपात उतरून तिच्यावरूनच मजल दरमजल परिषदेस गेले. वाटेत ते अनेकदा पडले व खरचटले. तेथे मात्र अशी वदंता पसरली की, हा गृहस्थ थेट हिंदुस्थानातूनच मोटारसायकलवर आला! त्यापूर्वी १९४५ साली ते कैलास-मानसरोवराची खडतर यात्राही करून आले होते. कच्छच्या रणात रोहित पक्ष्यांच्या हजारो घरट्यांचे जे नगर वसते, त्याचा त्यांनी केलेला अभ्यासही प्रसिद्ध आहे.

अमेरिकन पंडित डिलन रिप्ले यांच्या सहकार्याने त्यांनी भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा महाग्रंथ रचिला. १९६८ ते १९७४ ह्या काळात तो प्रसिद्ध झाला, म्हणजे शेवटचा खंड निघाला तेव्हा ग्रंथकर्ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते. भरतपूरची पाणथळ राहावी म्हणून त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणाखाली बुडू नये म्हणून उठलेल्या आवाजांत त्यांचाही आवाज होता. ते अरण्य आज राष्ट्रीय उद्यान आहे. सरकारने त्यांस १९५८ साली पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण ह्या पदव्या दिल्या. १९७६ सालीच मिळालेल्या जागतिक पारितोषिकाचे पन्नास हजार डॉलर त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी आपल्या संस्थेस देऊन टाकिले. १९८५ साली ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य झाले व त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातही एका चिमणीचे पतन आहे. दिनांक २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षानंतर, मुंबईत त्यांचे देहावसान झाले. गोव्यातील चोडण बेटावरील पक्षी अभयारण्यास त्यांचे नाव दिलेले आहे. महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. त्याचा आरंभ मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी व शेवट सलीम अलींच्या जन्मदिनी होतो.

ह्या चरित्रावरून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय मिळते? रानातील सुटी वाया जात नाही, हे तर खरेच. परंतु रानात गेलेला प्रत्येक मुलगा सलीम अली होत नाही, हेही तितकेच खरे. मग ह्या मुलाच्या सुट्यांत विशेष काय होते? आमच्या मते तीन गोष्टी होत्या. पहिली, त्यास मोकळे हिंडू दिले गेले. क्षणोक्षणी कोणी त्याचा हात धरिला नाही. दुसरी, त्याने प्रश्न आणला तेव्हा वडीलधाऱ्यांनी तो थट्टेवारी न नेता त्याचा मान राखिला. मामांस उत्तर ठाऊक नव्हते, तरी उत्तर कोठे मिळेल हे त्यांस ठाऊक होते, आणि मुलास तेथवर पोहोचविण्याची तसदी त्यांनी घेतली. तिसरी, जे पाहिले ते त्याने लिहून ठेविले. ह्या तिहींपैकी पहिली व तिसरी मुलांच्या हाती आहे. दुसरी मात्र सर्वस्वी आम्हां शिक्षकांच्या व पालकांच्या हाती आहे. शिबिराची फी भरली म्हणजे आपले कर्तव्य संपले असे पालकांनी समजू नये. मूल परत आले की त्याची वही मागून घ्यावी आणि त्याने काय पाहिले ते शांतपणे ऐकावे. आम्हांस वाटते, त्या ऐकण्यातच सुटीचे अर्धे फळ आहे.

आणखी एक विचार मनास अस्वस्थ करितो. सलीम अलींच्या बाळपणीचे चेंबूर आता राहिले नाही. आपले करंजाडेही झपाट्याने बदलत आहे. ज्या माळांवर व खाचरांत पूर्वी बगळे उतरत तेथे उंच इमारती उभ्या आहेत. शेजारी नवी मुंबईचा विमानतळ झाला, २०२५ साली त्याचे उद्घाटन झाले, आणि त्यासाठी टेकडी कापली गेली व नदीचा प्रवाह वळविला गेला. माणसांस घरे हवीत, उद्योग हवेत, हे आम्हांस मान्य आहे. ह्याच घरांत आमचे विद्यार्थी राहतात. परंतु ज्या मुलाने रान पाहिलेच नाही तो मोठेपणी रानाची बाजू घेणार तरी कशी? सायलेंट व्हॅलीसाठी बोलणारा वृद्ध हा चेंबूरच्या ओढ्याकाठी हिंडलेला मुलगाच होता.

सुदैवाने आपणांस फार दूर जावयास नको. पनवेलीहून गोव्याच्या रस्त्यास लागले की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका आकाशात उभा दिसतो. त्याच्या पायथ्याचे जंगल १९६८ सालापासून पक्ष्यांचे अभयारण्य आहे. उन्हाळ्याच्या पहाटे तेथे दयाळ शीळ घालितो, दिवस चढला की तांबट झाडावर ठोकाठोक केल्यासारखा टुकटुक करू लागतो, आणि मेअखेर मृगाचे ढग जमू लागले की नवरंग पक्षी कोकणात येऊन साद घालितो. मुलामुलींनी जाणत्या माणसाच्या सोबतीने, वनखात्याचे नियम पाळून, ऊन तापण्यापूर्वी तेथे जावे. पाणी भरपूर न्यावे, भडक कपडे व मोठा आवाज टाळावा, घरट्यास हात लावू नये आणि सुळक्यावरील मधमाश्यांच्या वाटेस तर मुळीच जाऊ नये. दुर्बीण नसली तरी अडत नाही. डोळे, कान, पेन्सिल व चार आण्यांच्या मोलाची का होईना एक वही एवढे पुरे. पक्ष्याचे नाव ठाऊक नसले तर त्याचा आकार, रंग, चोच, आवाज व जागा लिहून आणावी. नाव मागाहून पुस्तकात सापडते.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटीत तुमच्या वहीचे एक तरी पान अशा नोंदींनी भरू द्या. त्यातील एखादे पाखरू तुमच्या शिक्षकांसही ओळखता आले नाही, तर ते तुमचे भाग्यच समजा. कारण पिवळ्या गळ्याची ती चिमणीही प्रथम कोणासच ओळखता आली नव्हती.